पावडर कोटिंग दुसऱ्याच पावसाळ्यात उडालं? आधी ते कुठे उडालंय ते बघा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. घर आवरायला काढलं, पडदे उतरवले, खिडक्या पुसल्या, की मग ग्रिलकडे लक्ष जातं. कोपऱ्यातला फोड, खालच्या पाइपवरून भिंतीवर उतरलेला तपकिरी ओघळ, नखाने सुटणारा पापुद्रा, सगळं एकदमच दिसतं. मी ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे आणि एसीचे स्टँड बनवतो. त्यांच्यावर पावडर कोटिंग असतं, म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने फवारून भट्टीत वितळवून बसवलेला थर. वर्कशॉप वसईला, कामं वर्सोवा-जुहूपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत. बावीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे फोनवरचा पहिला प्रश्न पाठ झालाय: "पावडर हलकी वापरली होती का हो?"

बहुतेक घरांत पावडर हलकी नव्हती. पावडरच्या खाली काहीतरी राहून गेलं होतं, नाहीतर कोटिंग झाल्यावर त्या ग्रिलला कोणीतरी काहीतरी केलं होतं. ते शोधायचं तर कोटिंग नेमकं कुठे सुटलंय ते आधी नीट बघावं लागतं. धारेवर सुटलं असेल तर कारण वेगळं, जोडावर वेगळं, सपाट भागावर वेगळं. खर्चही त्यावरच ठरतो. काही घरांत फडक्याने काम भागतं, काही घरांत अख्खं ग्रिल उतरवावं लागतं.

लक्षणं

- वेल्डिंगच्या जोडाजवळ फोड. दाबला की फुटतो, आत तपकिरी पाणी किंवा ओला गंज.
- पट्टीच्या धारेवर किंवा लेसरने कापलेल्या नक्षीच्या कडेला गंजाची बारीक रेघ. मधला सपाट भाग मात्र नव्यासारखा.
- कोटिंग मोठ्या तुकड्यांत, केळीच्या सालीसारखं सोलून येतं.
- वरून सगळं ठीक, पण सर्वांत खालच्या आडव्या पाइपमधून पाऊस थांबल्यावरही दोन-तीन दिवस लालसर पाणी ठिबकतं.
- रंग फिका पडलाय, हात फिरवला की तळहाताला पांढरी पूड लागते.
- ॲल्युमिनियमच्या खिडकीवर, कोटिंगच्या आतून, केसासारख्या वेड्यावाकड्या रेषा पसरतात.
- जी.आय. पाइपवर, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपवर, टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं.
- सगळीकडे तपकिरी ठिपके, पण कोटिंग कुठेच सुटलेलं नाही.

या शेवटच्या प्रकाराला लोक सगळ्यांत जास्त घाबरतात आणि धोका त्यातच सगळ्यांत कमी असतो. म्हणून सुरुवात तिथून करू.

१. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं

एक बादली पाणी, चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण, जुना सुती पंचा. खर्च शून्य. ग्रिल वरपासून खालपर्यंत पुसा आणि गोड्या पाण्याने धुऊन काढा. ठिपके निघून गेले आणि खाली कोटिंग गुळगुळीत लागलं, तर तो गंज तुमच्या ग्रिलचा नव्हताच. वरच्या मजल्यावर कोणी ग्राइंडर चालवला की लोखंडाचा कीस उडतो, खालच्या ग्रिलवर बसतो आणि पहिल्या दमट रात्री गंजतो. वरच्या घराच्या एसीच्या स्टँडवरून ठिबकणारं पाणीही असेच डाग पाडतं. आपण मात्र आपल्या कोटिंगला दोष देत राहतो.

धुण्याचं आणखी एक कारण म्हणजे खार. मुंबईला पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी. खारं वारं कमी-जास्त सगळीकडे पोचतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ग्रिल बाहेरून कोरडं दिसलं तरी मिठाच्या थराखाली ओलच राहतं. लोकांना वाटतं, जिथे पाऊस झोडपतो ते आधी गंजेल. मी उलटं बघतो. पावसाने धुतला जाणारा भाग टिकतो आणि छज्जाखाली, पाइपच्या पोटाशी, कुंड्यांच्या मागे, जिथे पाऊस पोचत नाही तिथे मीठ वर्षभर साचत जातं. वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा, मढ अशा किनाऱ्यालगतच्या घरांनी महिन्यातून एकदा तरी ग्रिलच्या खालच्या आणि आतल्या बाजू पुसाव्यात. बाकीच्यांनी तीन महिन्यांतून एकदा.

कबुतरांची विष्ठा दिसली तर त्याच दिवशी भिजवून काढा. वाळल्यावर खरवडू नका, चरे पडतात, आणि ती महिनोन् महिने राहिली तर खालचं कोटिंग निस्तेज आणि कमकुवत होतं. तारेचा काथ्या, थिनर आणि टाइल्स घासायचं ॲसिड ग्रिलच्या जवळ नेऊ नका. ॲसिडबद्दल हे मी कळकळीने सांगतोय. गोरेगावच्या एका नव्या फ्लॅटमध्ये ग्रिलचं फक्त खालचं वीतभर कोटिंग फोडांनी भरलं होतं, अगदी सरळ रेषेत, चारही बाजूंनी. वरचा सगळा भाग कोरा करकरीत. ताबा देण्याआधी गॅलरीच्या लाद्या ॲसिडने धुतल्या होत्या आणि शिंतोडे तेवढ्याच उंचीपर्यंत उडाले होते. कोटिंग करणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती. घरमालकांनी मात्र त्याचे पैसे अडवून ठेवले होते.

२. तळहाताची परीक्षा

कोरड्या ग्रिलवर काळं फडकं घासा. त्यावर पूड आली तर उन्हाने कोटिंगचा वरचा थर मोडतोय. याला खडू येणं म्हणतात. घराबाहेरच्या कामाला पॉलिएस्टर पावडर लागते. इपॉक्सी पावडर धातूला घट्ट धरते, रसायनांना पुरून उरते, पण ऊन तिला सोसत नाही, काही महिन्यांतच ती खडू सोडायला लागते. इपॉक्सी आणि पॉलिएस्टर मिसळलेली पावडरही आतल्या कपाटांसाठी, रॅकसाठी असते. तुमच्या ग्रिलने वर्षभरात खडू सोडला असेल तर घरातली पावडर घराबाहेर वापरली गेली असण्याची दाट शक्यता आहे. पावडर खरंच चुकली असं म्हणता येईल अशी जागा मला तरी मुख्यतः हीच सापडली.

खाली गंज नसेल तर घाई नाही. गाडीचं पॉलिश आणि मेण लावून चमक काही काळ परत येते.

३. जागा शोधणं: टॉर्च, आरसा, मोबाइलचा कॅमेरा

इथे वेळ घालवा. अर्धा तास लागू द्या. दाढीचा छोटा आरसा पाइपच्या खाली धरा, मोबाइल हात लांब करून मागच्या बाजूने फिरवा, पण त्यासाठी ग्रिलबाहेर वाकू नका. दिसेल तो प्रत्येक फोड कागदावर ग्रिलचं चित्र काढून खुणेने मांडा. खुणा कुठे दाटल्यात ते बघा.

जोडाजवळ दाटल्या असतील तर वेल्डिंग कधी झालं ते आठवा. कोटिंगच्या आधी की नंतर? वर्सोव्याच्या एका काकूंकडे ग्रिलचा डावा अर्धा भाग सडलेला आणि उजवा ठणठणीत होता. "अहो, एकाच दिवशी बसवलंय सगळं," त्या सांगत होत्या, आणि ते खरंच होतं. पण अख्खं ग्रिल लिफ्टमध्ये मावेना, जिन्यातून वळेना, म्हणून बसवणाऱ्याने ते खाली कापलं, चौथ्या मजल्यावर परत वेल्ड केलं आणि जोडावर काळा स्प्रे मारला. वेल्डिंगच्या आचेने दोन्ही बाजूंचं कोटिंग जळतं. स्प्रेचा पातळ थर उघड्या लोखंडावर पहिल्या पावसापर्यंत टिकतो, मग पाणी जोडातून शिरतं आणि शेजारच्या चांगल्या कोटिंगच्या खालून पुढे सरकतं. मुंबईतल्या घरांत मला सापडलेलं सर्वांत नेहमीचं कारण हेच. वेल्डिंग आधीच झालेलं असूनही जोडावर फोड असतील तर स्लॅग (वेल्डिंगवर जमणारी खपली) आणि छर्रे (आजूबाजूला उडून चिकटलेले धातूचे थेंब) न काढताच कोटिंग केलेलं असतं. छर्ऱ्यावर पावडर बसते, पण छर्राच धातूला नीट धरून नसतो.

धारांवर दाटल्या असतील तर कारण भट्टीत घडलेलं असतं. पावडर गरम होऊन वितळते तेव्हा ती तीक्ष्ण धारेवरून मागे सरकते. सपाट भागावर जाडी भरपूर आणि धारेवर नावापुरती. म्हणून धारा कोटिंगच्या आधी ग्राइंडरने गोल करायला हव्यात, दोन मिलिमीटरची गोलाई आली तर उत्तम. लेसरने कापलेल्या नक्षीत आणखी एक अडचण असते. माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड, ऑक्सिजन वापरून कापलं तर कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. पावडर त्या थराला चिकटते, थर लोखंड सोडतो आणि कड फितीसारखी सुटून येते. कडा घासून काढल्या असत्या किंवा नायट्रोजनवर कापून घेतल्या असत्या तर हे टळलं असतं.

आतल्या कोपऱ्यांत, जिथे दोन पट्ट्या काटकोनात मिळतात तिथे, कोटिंग विरळ असेल तर तो विजेचा खेळ आहे. गनमधली पावडर हजारो व्होल्टच्या भाराने निघते आणि अर्थ केलेल्या धातूकडे ओढली जाते. ती जवळच्या बाहेरच्या कडांवरच जाऊन बसते, खोल खाचेत शिरत नाही. कुशल गनवाला अशा जागी व्होल्टेज कमी करतो, हवा कमी करतो आणि कोपरे आधी भरून घेतो.

स्क्रूच्या आणि फास्टनरच्या भोवती गोल गंज असेल तर जागेवर ड्रिल केलंय, उघडं भोक तसंच राहिलंय. ॲल्युमिनियमवरच्या त्या केसासारख्या रेषाही कापलेल्या टोकापासून किंवा स्क्रूच्या भोकापासूनच निघतात, कारण खिडकीवाले आधीच कोटिंग झालेले सेक्शन आणून कापतात आणि टोकं उघडी राहतात. खारट दमट हवेत ॲल्युमिनियमचा हा रोग कोटिंगच्या खालून हळूहळू पुढे जातो. टोकं सुरुवातीलाच सीलंटने बंद केली की बराच आटोक्यात राहतो.

आणि खुणा सगळीकडे, सपाट भागावरही सारख्याच असतील तर पुढच्या चाचणीकडे चला.

४. कटर आणि चिकटपट्टी

ही चाचणी ग्रिलच्या न दिसणाऱ्या जागी करा. नवीन ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा उभे आणि सहा आडवे काप द्या, धातूपर्यंत. पंचवीस छोटे चौकोन तयार होतील. ब्रशने झटका, चांगली चिकटपट्टी दाबून लावा, मग एका दमात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पकड चांगली आहे आणि तुमची तक्रार फक्त खुणा केलेल्या जागांपुरतीच आहे. चौकोनच्या चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर अख्ख्या ग्रिलची पकड गेलेली आहे. तिथे डागडुजीवर पैसे घालू नका, या पावसाळ्यात इथून सुटेल, पुढच्या पावसाळ्यात तिथून.

आता सुटलेल्या जागेखालचा धातू बघा. निळसर काळा, चकचकीत, काचेसारखा थर दिसला तर ती लोखंडाची कारखान्यातलीच खपली, मिल स्केल. ती काढलीच नव्हती. तपकिरी भुकटी असेल तर गंजावर कोटिंग केलं. स्वच्छ, चकाकतं, चंदेरी लोखंड असेल तर वरून ते फार छान दिसतं, पण अर्थ असा की फॉस्फेटिंग झालं नाही किंवा तेल नीट निघालं नाही. मळकट करडा, किंचित खरखरीत थर दिसला तर फॉस्फेटिंग झालेलं आहे, दोष दुसरीकडे शोधा.

हे फॉस्फेटिंग म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण दरातला फरक इथेच लपलेला असतो. जॉबवर्कवाल्यांकडे 'सात टाकी' हा शब्द ऐकाल. पहिल्या टाकीत तेल-ग्रीस निघतं, मग पाण्याची धुलाई, मग ॲसिडमध्ये गंज निघतो, परत धुलाई, मग फॉस्फेटची टाकी, पुन्हा धुलाई आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा शेवटचा हात. क्रम आणि टाक्यांची संख्या थोडी इकडेतिकडे होते, पण काम तेच. फॉस्फेटचे बारीक स्फटिक लोखंडावर उगवतात, पावडर वितळून त्यांच्यात रुतते आणि कोटिंगला धरायला जागा मिळते. कुठे खरवडलं गेलं तरी गंज कोटिंगखालून वेगाने पसरत नाही. ही पायरी टाळून नुसतं थिनरच्या फडक्याने पुसून, वर पावडर मारून दिलं तर भट्टीतून निघालेलं ग्रिल अगदी तसंच सुंदर दिसतं. ताबा घेताना फरक ओळखणं डोळ्यांना शक्यच नाही. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. टाकीतून निघालेला माल लगेच वाळवला नाही तर दमट हवेत त्यावर लालसर झाक येते आणि घाईत तिच्यावरच पावडर बसते.

मला अनेकजण विचारतात, इतकं सगळं सांभाळायचं तर साधा ऑइलपेंट काय वाईट? वाईट नाही, पण ब्रशने मारलेला एक हात सुकल्यावर साधारण २५-३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो आणि पावडरचा एकच थर ६० ते ८० मायक्रॉन भरतो. ओघळ नाहीत, ब्रशच्या रेघा नाहीत, हवेत उडणारं थिनर नाही, खाली सांडलेली पावडर गोळा करून परत वापरता येते. भट्टीत तिचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे ती नंतर उन्हाने मऊ पडत नाही आणि भांडं आपटलं तरी सहज टवका उडत नाही. गोल पाइपच्या मागच्या बाजूलाही पावडर विजेच्या ओढीने वळून बसते, तिथे ब्रश कधीच नीट पोचत नाही. नीट केलेलं कोटिंग मी मुंबईच्या हवेत दहा-दहा वर्षं टिकलेलं बघितलंय. फक्त एक लक्षात ठेवायचं. ही साल जाड आणि चिवट असल्यामुळे तिच्याखाली पाणी शिरलं तर ते बाहेरून लवकर दिसत नाही. ऑइलपेंट लगेच तडकून चुगली करतो.

५. थिनरचा बोळा

कोटिंग नखाने रबरासारखं ओरखडलं जात असेल तरच ही चाचणी करा. आडोशाच्या जागी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पंधरा-वीस वेळा घासा. खिडक्या उघड्या, जवळ गॅस किंवा समई नको, हातात मोजे. बोळ्याला किंचित रंग लागणं, थोडी चमक कमी होणं चालतं. कोटिंग चिकट झालं, बोटाला ओढ लागली, तर ते भट्टीत पुरतं भाजलं गेलेलं नाही.

भाजणीचा हिशोब धातूच्या तापमानावर असतो, भट्टीतल्या हवेच्या तापमानावर नाही. अनेक पावडरींना धातू २०० अंश सेल्सियसला पोचल्यावर पुढे दहा मिनिटं लागतात. पातळ पाइप लवकर तापतो, गेटची दहा मिलिमीटरची प्लेट उशिरा. दोन्ही एकाच फेरीत टांगले आणि एकाच वेळी काढले तर प्लेट कच्ची राहते. म्हणून गेटच्या बिजागरीपाशी, जाड फ्लॅटवर कोटिंग मऊ आणि बाकी कडक असं आढळलं, तर कारण शोधत बसू नका.

६. मायक्रॉन मीटर

कोटिंगची जाडी मोजणारा हा मीटर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो, पण एका ग्रिलसाठी विकत घेऊ नका. कोटिंग करणाऱ्याकडे असतोच, त्याला घेऊन यायला सांगा. त्याच्याकडे नसेल तर त्या कारखान्याबद्दल तेवढ्यानेच बरंच कळतं. लोखंडासाठी चुंबकीय मीटर चालतो, ॲल्युमिनियमला वेगळा लागतो, आणि जी.आय. पाइपवर चुंबकीय मीटर जस्ताचा थरही मोजून आकडा फुगवून दाखवतो. एका जागी मोजून भागत नाही, दहा-बारा जागा घ्या, धारेजवळच्या आणि मागच्या बाजूच्याही. घराबाहेर ६० च्या खाली आकडे येत असतील तर कोटिंग कमी बसलंय. खूप जाड म्हणजे चांगलं असंही नाही, फार जाड थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि ठोका बसला की तडकतो.

जी.आय. वरची टाचणीएवढी भोकं जाडीमुळे नसतात. भट्टीत जस्ताच्या थरातून हवा-वाफ निघते आणि वितळलेल्या पावडरमधून बुडबुडा फोडून बाहेर पडते. पावडर मारण्याआधी पाइप एकदा कोराच भट्टीत तापवून घेतला की हे खूप कमी होतं.

७. पाइपच्या पोटातलं पाणी

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालच्या पाइपवर टकटक करा. एके ठिकाणी खणखणीत आणि एके ठिकाणी बद्द आवाज आला तर आत पाणी किंवा गंजाचा गाळ आहे. वेल्डिंगमधल्या सुईएवढ्या भोकातून पावसाळाभर पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. लोखंड आतून खात जातं, बाहेरचं कोटिंग शेवटच्या दिवसापर्यंत छान दिसतं. कधी हे पाणी पावसाचंही नसतं. टाक्यांत बुडवताना ॲसिड पोकळ पाइपमध्ये शिरतं, बाहेर निघायला भोक नसल्यामुळे आतच राहतं आणि पुढे महिनोन् महिने जोडांतून झिरपतं. म्हणून कोटिंगला पाठवण्याआधीच पोकळ पाइपला वर-खाली भोकं ठेवायची असतात.

ड्रिल वापरता येत असेल आणि ग्रिलच्या आतल्या बाजूने हात पोचत असेल, तर खालच्या पाइपच्या पोटाला, सर्वांत उतरत्या टोकाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा. खाली परात ठेवा, पाणी जपून हाताळा. कडेला लगेच प्राइमर लावा. ड्रिल टेकवताच पत्रा आत गेला तर तिथेच थांबा आणि खालचा 'इथे थांबा आणि माणूस बोलवा' हा भाग वाचा.

छोट्या जागेची डागडुजी

रुपयाएवढ्या दोन-चार जागा असतील आणि चिकटपट्टीची चाचणी पास झाली असेल तर घरी जमतं. पावसाळ्यात मात्र करू नका. दसरा उलटला, हवा कोरडी झाली की हात घाला. सुटलेलं कोटिंग कटरने घट्ट कडेपर्यंत काढा, पॉलिश पेपरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा, भोवतालची कड हाताला लागणार नाही इतकी उतरती करा. गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ आत राहिलं तर सगळी मेहनत वाया. पूर्ण वाळू द्या. मग दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर, त्यावर दोन भागांचा पी.यू. (पॉलियुरेथेन) पेंट. दुकानात रंगाचं नाव सांगू नका, आरएएल क्रमांक सांगा, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक. गडद करडा ७०१६, पांढरा ९०१६, काळा ९००५, चॉकलेटी ८०१७ हे क्रमांक इथल्या ग्रिल-खिडक्यांवर नेहमी सापडतात. घरी पावडर कोटिंग होत नाही, तिला भट्टी लागते, त्यामुळे 'जागेवर येऊन पावडर टच-अप करतो' म्हणणारा रंगच मारणार आहे, हे समजून दर ठरवा.

फोडावरून नुसता रेडऑक्साइड फासू नका. खालचा गंज चालूच राहतो.

जुन्या इमारतीतलं, ऑइलपेंटचे थर चढलेलं ग्रिल पावडर कोटिंगला द्यायचं असेल तर तो रंग घरात कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नको.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एसीच्या आउटडोअरचा स्टँड गंजला असेल तर कुठलीही चाचणी करत बसू नका. खाली रस्ता असतो, माणसं चालत असतात. एसी मेकॅनिकला युनिट उतरवायला सांगा, मग फॅब्रिकेटरला स्टँड दाखवा.

गॅलरीचा किंवा जिन्याचा कठडा हाताने हलत असेल, स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पाइपमध्ये रुतत असेल, तर प्रश्न कोटिंगचा राहिलेला नाही. त्याच दिवशी तिथे टेकणं बंद करा, मुलांना लांब ठेवा, फॅब्रिकेटरला बोलवा. ग्रिलचे पाय भिंतीत शिरतात तिथे प्लास्टरला भेगा पडल्या असतील तर लोखंड आत फुगतंय. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो भिंत फोडून ती मिळवतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, कारण शेजारच्या सळयांचंही तेच चालू असू शकतं.

ग्रिलच्या बाहेरून करायचं काम दुसऱ्या मजल्याचं असो की विसाव्या, स्वतः करू नका. झुला, पट्टा आणि अनुभवी माणूस लागतो. मीटरच्या किंवा पंपाच्या पॅनेलच्या पेटीचं कोटिंग उडालं असेल तर इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नका. पावडर कोटिंग वीज अडवतं, त्यामुळे अर्थिंगची वायर उघड्या धातूला टेकलेली आहे का हे त्यानेच तपासावं.

चिकटपट्टीची चाचणी नापास झाली किंवा कोटिंग कच्चं निघालं, तर अख्खं ग्रिल उतरवून जुनी साल पूर्ण काढावी लागते. काम देताना लेखी मागा: ब्लास्टिंग (बारीक कणांच्या माऱ्याने धातूची सफाई) किंवा पूर्ण टाकी प्रक्रिया, धारा गोल, पोकळ पाइपला भोकं, घराबाहेरची पॉलिएस्टर पावडर, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खाली जस्ताचा इपॉक्सी प्राइमर थर. ग्रिल लिफ्टमध्ये मावणार नसेल तर ते आधीच दोन भागांत बनवून बोल्टने जोडायला सांगा, म्हणजे वर गेल्यावर वेल्डिंगची गरज पडणार नाही. या सगळ्याने दर वाढतो. मी तो वाढीव दर आधीच सांगतो आणि काही गिऱ्हाइकं निघूनही जातात.

फोन करण्याआधी फोडांचे फोटो पुसण्याच्या आधीच काढा, खुणांचा कागद जवळ ठेवा, ग्रिल कधी बसवलं आणि वेल्डिंग जागेवर झालं होतं का ते आठवून ठेवा. सुटलेला मोठासा पापुद्रा सापडला तर फेकू नका, कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला काळी खपली चिकटलीय, तपकिरी गंज आलाय की ती कोरी चकाकतेय, हे मी आल्या आल्या आधी बघतो.